मधल्या घराचे परकारचाचा

अब्बास परकार या माणसाने आयुष्यभर माणसं मोजली. लिफ्टमध्ये शिरले की त्यांचे ओठ हलायचे आणि दार बंद व्हायच्या आत आकडा तयार असायचा. लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, सिग्नलला थांबलेल्या बसच्या खिडक्यांत, कुठेही. एकदा ते आमच्याकडे गणपतीच्या आरतीला आले होते. आरती झाल्यावर प्रसादाची वाटी हातात घेऊन माझ्याजवळ आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "वहिनी, माणसं सत्तेचाळीस, चपलांचे जोड त्रेचाळीस. चार जण अनवाणी कसे आले?" मी हसले, पण त्यांना हसू येईना. पुन्हा हॉलमध्ये जाऊन बघून आले, तेव्हा कुठे चेहरा सैल झाला. "चार पोरं कडेवर आहेत. खलास. जमलं."

ओवी आणि निहार, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, की आजी इतकी वर्षं दर रविवारी सकाळी कुठे जायची. "वॉज इट लाइक अ जॉब?" असं निहारने विचारलं. दोन मिनिटांत सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून मी लिहून पाठवीन म्हटलं. मराठीत लिहिते आहे. अडेल तिथे बाबाला वाचून दाखवायला सांगा, त्यालाही सराव होईल.

आधी ते घर म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

शारजाच्या औद्योगिक भागात, गॅरेजांच्या दोन गल्ल्या ओलांडल्या की एक जुना बैठा व्हिला होता. अडलेल्या कामगारांना मदत करणाऱ्या आमच्या संस्थेने तो रीतसर परवानगी काढून भाड्याने घेतला होता. शिक्षा भोगून तुरुंगातून सुटलेले, पण अजून घरी जाता न येणारे कामगार तिथे राहायचे. कुणाचा पासपोर्ट कोर्टात, कुणाचा एखादा कागद यायचा बाकी. व्हिसा रद्द झालेला, त्यामुळे कंपनीची खोली गेलेली. तुरुंग मागे पडलाय पण गाव अजून लांब आहे, अशा माणसांचं ते घर. तेच लोक त्याला 'मधलं घर' म्हणायचे. एका वेळी दहा-बारा जण असत.

या माणसांना संस्थेकडून मदत मिळायची: विमानाचं तिकीट, कपडे, वकील, डॉक्टर. पण मागेल त्याला मागेल ते द्यावं इतकी संस्था श्रीमंत नव्हती. प्रत्येकाचा अर्ज भरून तो कोणत्या मदतीला पात्र आहे हे ठरवावं लागे. अर्ज मी भरायची. शाळेच्या ऑफिसात तीस वर्षं काढल्यावर मला दुसरं काय येणार? पात्र की अपात्र ही शिफारस परकारचाचा करायचे, कारण ते त्या घराचे व्यवस्थापक होते. शेवटची सही अध्यक्षांची. अध्यक्ष होते देशपांडे, एका कंपनीत ऑडिटर. स्वभावाने चांगले, पण स्वतःच्या वाढदिवसाच्या केकची पावतीही दोनदा तपासतील असे.

परकारचाचा हर्णैजवळच्या एका खेड्यातले. बुटके, रुंद, मेंदी लावलेली दाढी, बारा महिने अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट आणि कमरेला चाव्यांचा जुडगा. ते येताना आधी चाव्या ऐकू यायच्या आणि मग ते दिसायचे. त्यांनी मुहैस्नाहच्या कामगार वस्तीत, म्हणजे सगळे ज्याला सोनापूर म्हणतात तिथे, कॅम्प बॉस म्हणून उभा जन्म काढला. कॅम्प बॉस म्हणजे वस्तीचा कारभारी. कोण कुठल्या खोलीत, कोणती खाट, कोणत्या बसने कामाला गेला, परत आला की नाही, पाणी का आलं नाही, कोण कुणाशी भांडलं, सगळं त्याच्या डोक्यात असावं लागतं. किराणावाल्याशी ते मल्याळममध्ये बोलत, सरकारी खिडकीवर अरबीत, कामगारांशी हिंदीत, माझ्याशी मराठीत आणि फोनवर बायकोशी कोकणीत. कोकणीत बोलताना त्यांचा आवाज एकदम लहान व्हायचा. "हां गो, जेवलो. हां गो, गोळी घेतली." मग फोन ठेवून पुन्हा मोठ्याने, "यल्ला, चला, पुढचा कोण?"

पुढचा जो कोण असेल तो दारात उभा असायचा. ही एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. नुकताच सुटलेला माणूस उघड्या दारासमोरही थांबतो. कुणीतरी 'आत ये' म्हणेपर्यंत पाऊल टाकत नाही. जेवायला बसला तर ताटाकडे बघत बसतो. चाचा त्याला कधी समजावत बसले नाहीत. "अरे, खा. तू नाही खाल्लंस तर मांजर खाईल, तिचा अर्ज मंजूर झालेला आहे." आणि खरंच एक जाडजूड मांजर तिथे असायची.

चाचांची माणूस पारखण्याची रीत अर्जात कुठे बसत नसे. अर्जात रकाने होते: नाव, गाव, कंपनी, जवळचे नातेवाईक. चाचा ते माझ्यावर सोपवायचे आणि स्वतः एकच विचारायचे, "तेरे ऊपरवाली खाट पे कौन सोता था?"

शंभू नावाचा एक सुतार आला होता, बिहारचा. कंपनीकडून नोकरी संपल्यावर मिळणारी रक्कम त्याला मिळायला हवी होती, पण तो तिथे किती वर्षं होता याचा एकही कागद त्याच्याजवळ नव्हता. कंपनीने हात वर केलेले. मी अर्जावर 'पुरावा नाही' असं लिहायला पेन उचललं, तेवढ्यात चाचांनी तो प्रश्न विचारला. शंभूने नाव सांगितलं. चाचांनी चार फोन केले आणि दुसऱ्या रविवारी एक लांबलचक पंजाबी माणूस खांद्यावर सूटकेस घेऊन दारात हजर. कॅम्पमधली रीतच ती. खालच्या खाटेवरच्याला पोलिसांनी नेलं, की त्याची बॅग वरच्या खाटेवरचा सांभाळतो. कुणी सांगायला लागत नाही. शंभूची बॅग या माणसाने चौदा महिने आपल्या खाटेवर पायथ्याशी ठेवली होती. सहा फुटांचा तो माणूस चौदा महिने पाय पोटाशी घेऊन झोपला. बॅगेत करारपत्र होतं, सगळ्या पगाराच्या चिठ्ठ्या होत्या आणि लोणच्याची एक बरणी होती, तिच्याबद्दल न बोललेलं बरं.

चाचांनी त्या पंजाब्याला चहा दिला, स्वतःच्या हाताने. तो गेल्यावर म्हणाले, "वहिनी, नातेवाईकांचा रकाना काढा. खाटेचा टाका." मी खरोखरच नवीन अर्जात तो रकाना टाकला. देशपांड्यांनी विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "हे चाचांना विचारा." त्यांनी विचारलं नाही.

आता दत्ता साळुंखेची गोष्ट.

दत्ता कराडजवळचा. टाइल मेसन, म्हणजे फरश्या बसवणारा. चाळिशीतला, अबोल, हाताची नखं सिमेंटने कायमची पांढरी झालेली. सुपरवायझरने सांगितलं म्हणून त्याने एकदा लायसन नसताना कंपनीची पिकअप चालवली आणि एका माणसाला धडक दिली. तो माणूस वाचला, दत्ताला शिक्षा झाली. ती भोगून तो मधल्या घरात आला, कोर्टाचा एक कागद यायचा होता म्हणून. येऊन महिना झाला असेल, एका रविवारी मला म्हणाला, "काकू, डाव्या डोळ्यापुढं खालनं काळा पडदा वर चढतोय."

त्याच दिवशी तुमच्या आजोबांनी त्याला गाडीत घालून डॉक्टरकडे नेलं. डोळ्याच्या आतला पडदा सुटत चालला होता. डॉक्टर म्हणाले, आठ-दहा दिवसांत ऑपरेशन करा, नंतर केलं काय न केलं काय. खर्च अठरा हजार दिरहम. आजोबांनी गाडीतच मोठ्याने हिशेब केला, "चार लाखांच्या वर," आणि मग दत्ता मागे बसलाय हे आठवून गप्प झाले. दत्ता एवढंच म्हणाला, "एका डोळ्यानं लाईन सरळ येत न्हाई."

एवढा खर्च आमच्या संस्थेच्या आवाक्यातला नव्हता. पण एका हॉस्पिटलच्या मदतनिधीशी आमचा करार होता. तो निधी अशी ऑपरेशनं करून द्यायचा. अट एकच: रुग्ण कोठडीत किंवा कोठडीसारख्या बंदोबस्तात नसावा, कारण तशा माणसाची जबाबदारी तुरुंगाची. म्हणजे आम्हाला ठरवायचं होतं की मधल्या घरात राहणारा दत्ता मोकळा आहे की नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तातडीची बैठक घेतली, त्या घरातच. देशपांडे अर्ज पुढ्यात घेऊन बसले. मी टिपणं घेत होते. आजोबा मला घ्यायला आले होते, तेही बसले.

"चाचा, या लोकांना बाहेर जाता येतं?" देशपांड्यांनी विचारलं.

"येतं तर! देवळात, मशिदीत, भाजीला, फिरायला. कुठेही."

"सांगून जावं लागतं?"

"म्हणजे काय!" चाचा खुलले. "कुठे चाललास, कुणाबरोबर, कधी येणार, सगळं रजिस्टरला. रात्री नऊला मोजणी. उशीर झाला की लाल शाई." आणि त्यांनी कपाटातून रजिस्टरं काढून टेबलावर रचली. अकरा होती. प्रत्येक पानावर पट्टीने आखलेल्या रेघा. मला तर हेवा वाटला.

"आणि गेट?"

"कुलूप." चाचांनी कमरेवर थाप मारली. चाव्या वाजल्या.

देशपांड्यांनी पेन खाली ठेवलं. "चाचा, तुम्ही आत्ता मला तुरुंगाचं वर्णन करून सांगितलंत."

दत्ता दारापाशी उभा होता, त्याने मान खाली घातली. चाचांचा चेहरा लाल झाला, पण हरतील ते परकार कसले.

"देशपांडेसाहेब, तुम्ही रात्री नऊपर्यंत घरी जाता ना?"

"जातो."

"उशीर झाला तर घरून तुमच्या मिसेसचा फोन येतो?"

"येतो."

"कुठे होता, कुणाबरोबर होता, विचारतात?"

तुमचे आजोबा म्हणाले, "रजिस्टर तेवढं ठेवत नाहीत."

सगळे हसले. देशपांडेही हसले. पण पेन काही त्यांनी उचललं नाही. "हसून झालं चाचा. निधीच्या लोकांनी मला हेच प्रश्न विचारले तर मी काय उत्तर देऊ? खोटं मी लिहिणार नाही."

"पण हा सरकारी नियम आहे. घराची परवानगीच तशी आहे."

"मग तो कागद दाखवा. सरकारने बंधन घातलं असेल तर आपण सरकारलाच पत्र लिहू. पण कागद दाखवा."

'माणूस विसरतो, कागद विसरत नाही' हे चाचांचं आवडतं वाक्य. ते त्यांनी आमच्यापैकी प्रत्येकाला कधी ना कधी ऐकवलं होतं. आता कागद त्यांनी दाखवायचा होता.

मंगळवारी सकाळी मी आणि चाचा फायली घेऊन बसलो. माझ्या फायली क्रमाने लावलेल्या असतात हे तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे परवानगीचं मूळ पत्र पाच मिनिटांत निघालं. दोन पानी अरबी पत्र. चाचांनी चष्मा लावला आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचली. मग पुन्हा पहिल्यापासून. घरात राहणाऱ्यांची यादी ठेवावी. नवीन माणूस आला किंवा कुणी कायमचा गेला तर कळवावं. स्वच्छता राखावी. गॅसचं सिलिंडर बाहेर ठेवावं. बस्स. रात्रीची मोजणी नाही, गेटचं कुलूप नाही, कुठे चाललास हेही नाही.

चाचांनी चष्मा काढला. बराच वेळ ते कमरेच्या जुडग्यातली एक मोठी पितळी चावी अंगठ्याने घासत बसले.

"वहिनी," ते म्हणाले, "हे कुलूप माझं आहे."

खरंच त्यांचं होतं. मुहैस्नाहच्या कॅम्पमधून निवृत्त होताना त्यांनी ते बरोबर आणलं होतं. मधल्या घराचा ताबा मिळाला त्या दिवशी गेटला लावलं, रजिस्टर आखलं आणि नऊ वाजता माणसं मोजली. कुणी सांगितलं नव्हतं. तसं करतातच, असं त्यांना वाटलं. आणि आम्हा सगळ्यांना वाटलं, ज्या अर्थी चाचा करतात त्या अर्थी नियम असणार.

मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. कॅम्पमध्ये ते नवीन होते तेव्हा एक माणूस तापाने खाटेवर पडून राहिला. बसवाल्याला वाटलं तो खोलीत आहे, खोलीतल्यांना वाटलं तो साइटवर आहे. दोन दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही. चाचा पाण्याचा नळ बघायला म्हणून त्या खोलीत गेले, म्हणून तो सापडला. "वाचला तो. पण माझ्याकडे बघून काय म्हणाला माहीत आहे? 'चाचा, मला वाटलं मी मोजण्यातच नाही.' त्या दिवसापासून मी मोजतो."

मी चहा टाकला.

संध्याकाळी तुमच्या आजोबांनी व्यवहारी तोडगा काढला. "चाचा, सोपं आहे. आठ दिवस कुलूप काढा, रजिस्टर कपाटात ठेवा. ऑपरेशन होऊन जाऊ दे. मग लावा परत."

"भाऊ," चाचा म्हणाले, "मी लिहिणार, हा माणूस मोकळा आहे. खाली सही अब्बास परकारची. मग ऑपरेशन झालं की तो परत बांधलेला? फॉर्मपुरतं मोकळं करायचं म्हणजे बकरीला बाजारात दोरी सोडून दाखवण्यासारखं झालं." आणि थोडं थांबून, "नाही. करायचं तर खरंच करायचं."

बुधवारी सकाळी त्यांनी एका चावीवाल्याकडून अकरा चाव्या करून आणल्या. गेटला साधं कुलूप बसवलं. सगळ्यांना अंगणात बोलावलं. "ये चाबी. जिसको जाना है जाओ, आना है आओ. मेरेको मत बताओ."

माणसं चाव्या हातात घेऊन उभी राहिली. एकाने भीत भीत विचारलं, "चाचा, नाराज हो क्या?" दुसरा तर पुढचे दोन दिवस सवयीने सांगायला यायचा, "चाचा, मैं ज़रा सब्ज़ी..." आणि चाचा दोन्ही कानांत बोटं घालून ओरडायचे, "मत बता! मत बता बोला ना!"

त्यांचे हाल बघण्यासारखे होते. चुकून मोजणी होऊ नये म्हणून ते गेटकडे पाठ करून बसायला लागले. तर गेट करकरायचं आणि कान मोजायचे. मग त्यांनी रेडिओ लावला. औद्योगिक भागातल्या त्या व्हिलात दिवसभर मोठ्याने मल्याळम बातम्या चालू आणि परकारचाचा भिंतीकडे तोंड करून बसलेले. शेजारच्या गॅरेजवाल्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, चाचा का तबियत ठीक है?"

शुक्रवारी दुपारी देशपांडे न सांगता आले. ऑडिटरच ते. मी शनिवारी पाठवायचे कागद लावत होते. दिवस हातचे निघून चालले होते. अर्ज शनिवारी गेला तर सोमवारी ऑपरेशन होणार, नाहीतर नाही. पडदा दत्ताच्या निम्म्या डोळ्यापर्यंत चढला होता.

देशपांडे खुर्चीवर बसले, अर्ज काढला. "चाचा, साळुंखेला बोलवा."

चाचा उठले. खोलीत बघून आले, स्वयंपाकघरात बघून आले, मागच्या अंगणात बघून आले. परत येऊन टेबलासमोर उभे राहिले.

"नाही आहे."

"कुठे गेलाय?"

ज्या माणसाने आयुष्यभर शेकडो जणांचा ठावठिकाणा झोपेतून उठवलं तरी सांगितला, त्याला हा प्रश्न विचारलेला. त्यांचे ओठ हलले. मला वाटलं, आता काहीतरी ठोकून देतील: देवळात, भाजीला, कुठेतरी.

"माहीत नाही," परकारचाचा म्हणाले.

"कधी येणार?"

"माहीत नाही."

"बाकीचे कुठे आहेत?"

"दोघं आत झोपलेत. बाकीचे..." त्यांनी हात पसरले. "साहेब, खरं सांगतो, काही म्हणजे काही माहीत नाही."

देशपांडे लिहायला लागले. पुष्कळ लिहीत होते. चाचांना वाटलं संपलं सगळं. ते टेबलावर वाकून म्हणाले, "साहेब, चूक माझी आहे. लक्ष मी ठेवलं नाही. त्याच्या डोळ्याला शिक्षा नको."

देशपांड्यांनी कागद फिरवून त्यांच्यापुढे ठेवला. चाचांचा चष्मा शर्टाच्या खिशात होता, पण तो त्यांना सापडेना, म्हणून मी वाचून दाखवलं: 'अध्यक्षांनी पूर्वसूचना न देता भेट दिली. अर्जदार घरात नव्हता. तो कुठे आहे व कधी परतेल हे व्यवस्थापकांना माहीत नाही आणि त्यांनी ते माहीत ठेवावे असे कोणतेही बंधन नाही. अर्जदार मोकळा आहे. पात्र.'

"खाली सही करा, चाचा," देशपांडे म्हणाले.

चाचांनी सही केली आणि खाली बसले. मग म्हणाले, "साहेब, पण तो गेला कुठे असेल हो?"

दत्ता पाऊण तासाने आला. गुडघे सिमेंटने भरलेले. दोन गल्ल्या पलीकडे एका गॅरेजात फरशी घालायचं काम चाललं होतं. तिथला मेसन लाईन वाकडी घेतोय हे त्याला रस्त्यावरून दिसलं आणि राहवलं नाही. "एकच डोळा धड हाय, तरी मला दिसतंय, त्याला दोन असून दिसंना," तो म्हणाला. चाचांनी त्याला मिठी मारली आणि लगेच ढकलून दिलं. "हात धू आधी! आणि मला सांगू नकोस कुठे होतास!"

ऑपरेशन सोमवारी झालं. डॉक्टर म्हणाले होते, सगळी नजर येईल असं नाही, बघू. पट्टी निघाल्यावर पुढे कितीतरी दिवस दत्ता एकेक डोळा झाकून कॅलेंडर, चपला, मांजर असं काय काय बघत बसायचा आणि विचारलं तर म्हणायचा, "येतंय, येतंय."

चाव्या परत घेतल्या गेल्या नाहीत. नंतर एकजण दोन दिवस आला नाही. तो इंटरनॅशनल सिटी नावाच्या वस्तीत मावसभावाकडे बिर्याणी खात बसला होता. त्या दोन दिवसांत आपलं तीन किलो वजन घटलं असं चाचा सगळ्यांना सांगत. बघणाऱ्याला तसं काही वाटत नव्हतं. आणि उपचारांसाठी थांबलेल्या आणखी चौघांचे अर्ज त्याच कागदाच्या आधारावर मंजूर झाले, एकाला तर नवे दात मिळाले.

मी चाचांना शेवटचं पाहिलं ते दत्ताचा कोर्टाचा कागद आला त्या आठवड्यात. नंतर लगेच माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मी अंथरुणावर असतानाच ते कायमचे हर्णैला गेले. निरोप फोनवरच झाला. आता त्यांची बायको फोन उचलते आणि सांगते, समुद्रावर गेलेत, कधी येतील माहीत नाही.

त्या शेवटच्या भेटीच्या दिवशी मी दत्ताच्या तिकिटाचे कागद घेऊन गेले, तर परकारचाचा घराच्या बाहेर रस्त्याच्या कडेला कडुलिंबाच्या झाडाखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेले. हातात टपरीवरचा चहा, पायांत मोजे, बूट कुठे दिसेनात.

"काय झालं, चाचा?"

"बंदी आहे," ते म्हणाले. चेहरा असा खुललेला, जणू कुणी सत्कार केलाय. "बूट आत राहिले. संध्याकाळपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही म्हणतो दत्ता."

गॅरेजवाल्याने उरलेल्या फरश्या दिल्या होत्या. दत्ताने जाण्याआधी मधल्या घराच्या पुढच्या खोलीची जमीन नवी करायला घेतली होती. मी दारातून डोकावले. तो ओल्या कामापासून हातभर लांब पोटावर पडला होता. गाल जमिनीला टेकलेला. उजवा, चांगला डोळा त्याने तळहाताने झाकला होता आणि डाव्या डोळ्याने भिंतीपासून दारापर्यंत रेघ बघत होता. बराच वेळ हलला नाही.

मग तिथूनच ओरडला, "चाचा! लाईन सरळ हाय का बघा की येऊन!"

"मला आत येऊ देत नाहीस आणि बघ काय म्हणतोस?" चाचा बाहेरून ओरडले. "तुला दिसतंय ना?"

दत्ताने डाव्या डोळ्याने पुन्हा एकदा ती रेघ पाहिली.

"दिसतंय."

"मग झालं तर," परकारचाचा म्हणाले आणि उरलेला चहा त्यांनी एका घोटात संपवला.